मोठं झाल्यावर नाताळ पूर्वीसारखा का वाटत नाही?

ख्रिसमस स्पिरिट म्हणतात ते नेमकं काय, आणि लहानपणी भरभरून असलेलं ते पुढे जातं कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी मालवणजवळचा. घर कॅथलिक, धंदा होमस्टेचा. त्यामुळे नाताळ हा माझा सणही आणि सीझनही. माझं मत थोडं कडक वाटलं तर चालवून घ्या.

लहानपणी आपल्याला वाटायचं ते घेणाऱ्याचं सुख. देणारं कोणीतरी स्वयंपाकघरात राबत असायचं. आमच्याकडचं नाताळचं गोड, दोदोल घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ. मोठ्या टोपात, चुलीवर, तेल सुटेपर्यंत तासन् तास घोटायचं. "ढवळीत रव, बुडाक लागात" हे आमच्या घरातलं डिसेंबरचं वाक्य. एकट्याचं हे काम नव्हेच, म्हणून शेजारीण यायची आणि दुसऱ्या दिवशी आई तिच्याकडे जायची. आम्ही पोरं कंगव्याच्या दातांवर पिठाच्या गोळ्या दाबून कुलकुल वळायचो, निम्म्या कच्च्याच खायचो. रात्री खांदे आईचे दुखायचे, आणि तरी मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळ्यांत खुशीत तीच. दुसऱ्या दिवशी वाडीत ताटं जायची, चवथीला ज्यांच्याकडून मोदक येतात त्या घरांतही.

आईकडे होतं तेच स्पिरिट, असं मी मानतो. आमच्याकडे होती ती नुसती मजा. मोठेपणी ही मजा ओसरतेच, त्यात रडण्यासारखं काही नाही. पंचाईत होते ती चाळिशीतही ताट आपल्यापुढे यावं म्हणून बसून राहणाऱ्याची. दोदोल बेकरीतून, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा दुकानातून, अंगणात लावायचा तारा ऑनलाइन, आणि मग चोवीसच्या रात्री बाराला आत काहीतरी उजळेल अशी अपेक्षा. कशाने उजळेल?

दुसरं कारण कॅलेंडरचं. चर्चच्या हिशेबाने नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार, आणि ते थांबायचे, वाट बघायचे. सण सुरू होतो चोवीसच्या रात्री आणि पुढे तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, अंगणात तारा राहतो. बाजाराने हे बरोब्बर उलटं केलं. नोव्हेंबरपासून गाणी वाजतात, पंचवीसच्या संध्याकाळी सगळं आटपतं आणि माणसं थर्टी फर्स्टच्या तयारीला लागतात. खरा सण सुरू होतो तेव्हा लोक कंटाळलेले असतात.

गोठ्याचंही तेच झालं. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, खरा बैल आणि गाढव आणून गोठा मांडला, कारण बाळाचे हाल लोकांना डोळ्यांनी दिसावेत अशी त्यांची इच्छा होती. आमच्याकडे तो सजावट स्पर्धेला जातो. असो, स्पर्धेत पोरं रात्री जागतात तेवढं तरी बरं.

आता माझी गंमत. पंचवीस ते एकतीस तारकर्लीपासून मालवणपर्यंत खोली मिळत नाही. दिवसभर मी फोनवर "नाही हो, फुल्ल आहे" म्हणत असतो आणि रात्री चर्चमध्ये बसून ऐकतो की मरिया आणि योसेफला उतारशाळेत जागा मिळाली नाही. हसू येतं, थोडी लाजही वाटते. पण बायबलातल्या त्याच लूकच्या शुभवर्तमानात जन्माची बातमी पहिल्यांदा जाते ती रात्री कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांकडे. पाहुण्यांचं जेवण वाढता वाढता मिस्सा चुकते तेव्हा मी त्या मेंढपाळांची आठवण काढतो. सीझनमध्ये थकलेल्या माणसाचं स्पिरिट हरवलं, असं मला वाटत नाही.

घरात माणूस गेलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. आमच्याकडे त्या वर्षी घरात गोड करत नाहीत, वाडीतली ताटं त्या घरी जातात. त्यांनी आनंदी दिसावं असं कोणी म्हणत नाही.

शहरात एकटे राहत असाल तर एक करून बघा. दहा-बारा डिसेंबरला करवंटीत ओली माती घालून नाचणी दाट पेरा आणि रोज पाणी शिंपडा. नाताळपर्यंत गोठ्यात ठेवण्याजोगी हिरवळ येते. दोन करवंट्या जास्त पेरा, शेजारच्यांना द्यायला.