मनात हिशोब ठेवून केलेली सेवा खोटी का?

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांकडून एक प्रश्न सारखा येतो, की मी घरच्यांसाठी एवढं करते पण आतून मला कौतुक पाहिजे असतं, मग हे प्रेम म्हणायचं का ढोंग?

अशीच एक ताई आली होती, कसबा बावड्याकडची (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत, लिही म्हणून तिनेच सांगितलंय). सासू बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि सगळं हिच्याच गळ्यात पडलं. मोठी जाऊ पुण्यात, कधीतरी व्हिडिओ कॉल करायची तेवढंच. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, मी लै वाईट बाई आहे."

तर झालं असं होतं, की सासू वॉकर घेऊन चार पावलं चालली की ही फोटो काढून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवायची, खाली एखादं वचन, आणि मग दर दहा मिनिटांनी उघडून बघायची जाऊबाईंनी बघितलं का. बघितलं असलं आणि त्या काही बोलल्या नाहीत की त्या दिवशी घरात भांडी आपटायची. आणि रविवारी चर्चमध्ये "प्रीती स्वार्थ पाहत नाही" ऐकलं की हिला वाटायचं हे माझ्यावरच चाललंय. शेवटी तिने प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात ते) घ्यायचंच बंद केलं, मागच्या बाकावर बसायचं आणि हळूच निघून यायचं. आता कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब आले १८५२ ला, तेव्हापासून आजे-पणजे एकमेकांना ओळखणारी आपली घराणी, भाकर घ्यायला कोण उठलं नाही हे दिसल्याशिवाय राहतंय होय? लोक सासूलाच विचारायला लागले, सुनेचं काय झालं म्हणून.

मी तिला बायबलमधलं १ करिंथ ११, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय, काढून वाचायला लावलं. पौल म्हणतो माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं तिथं नाहीये. आणि हाच पौल त्याच पत्रात ४ थ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. आपल्याकडे उपदेशात "हेतू तपासा" एवढंच जोरात सांगतात आणि हे राहून जातं, माझं तरी असंच मत आहे. शंभर टक्के शुद्ध हेतूची वाट बघत बसलं तर सासूला आंघोळ कोण घालणार?

मग तिला एक वही करायला सांगितली, डाव्या बाजूला काय केलं, उजव्या बाजूला त्या बदल्यात मनातून काय पाहिजे होतं, आणि कुणालाच कळलं नसतं तरी केलं असतं का. आठवड्याने वही आणली. रात्री उठून कूस बदलायला लावणं, पाय चोळणं, याच्यापुढे "तरी केलं असतं" असं सरळ लिहिलेलं. पाहुणे आले म्हणून पांढरा-तांबडा दोन्ही रस्से घातले, तिथं खाडाखोड. आणि उजव्या बाजूला सगळीकडे फिरून एकच, "जाऊबाईंनी विचारावं, तू दमलीस का."

म्हणजे ती काही वाईट बाई नव्हती, दमलेली बाई होती आणि तोंडाने मागत नव्हती. लूकच्या शुभवर्तमानात १५ व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, धाकटा घरी परत आला म्हणून बाप मेजवानी देतो ती, त्यातला थोरला भाऊ आठवा, इतकी वर्षं राबलो आणि मला एक करडूसुद्धा दिलं नाही म्हणून बाहेर रुसून बसलेला. त्याने करडू कधी मागितल्याचं गोष्टीत कुठं नाही, आणि बाप म्हणतो माझं आहे ते सगळं तुझंच आहे की. हेतू तपासायचा तो यासाठी, की जे आपण टोमण्यातून, स्टेटसमधून वसूल करायला बघतो ते सरळ मागता यावं.

जाऊला फोन करायला तिने बरेच दिवस घेतले. केला तेव्हा दोनच गोष्टी मागितल्या, फिजिओथेरपीचे निम्मे पैसे आणि नाताळच्या सुट्टीत १५ दिवस येऊन राहणं. जाऊ म्हणाली, "तुझं स्टेटस बघितलं की वाटायचं मलाच टोमणा मारतेस, म्हणून फोन करायला धीर होत नव्हता." पैसे यायला लागले. १५ दिवसांचे मात्र चारच झाले, त्यावरून थोडी धुसफूस अजून आहे. प्रभुभोजन ती घेते आता.

दोन ठिकाणी मात्र ही वही मी कुणाला देत नाही. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर तिथं स्वतःचे हेतू शोधत बसू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि हेतूची शंका दिवसभर सुटतच नसेल, दहादा पापकबुली करूनही झोप लागत नसेल, तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही, आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मराठीत बोलतात.