"इथवर आलोच आहोत, तर..."

"हौस माझी आणि फरफट ह्यांची, असं किती वर्षं चालायचं? पॅरिसची तिकिटं काढून बसलेय. रद्द करू, की एकटीच जाऊ?"

प्रश्न विचारणाऱ्या बाई ५९ वर्षांच्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेतल्या सवयीने सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात, आपणही तेच म्हणू. यजमान ६४ वर्षांचे, उभी हयात कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत गेलेली. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. विमानाला सात आठवडे उरले होते. आदल्या वर्षी दोघं लंडनला जाऊन आले आणि सात दिवसांतले पाच भांडणात किंवा अबोल्यात गेले, ही धास्ती.

हा प्रश्न आमच्याकडे, समुपदेशनात, नेहमी येतो. शहर बदलतं, आणि मागे रेंगाळणारं माणूस कधी नवरा असतो, कधी आई, कधी बहीण. विचारणाऱ्याला बहुतेकदा एवढंच हवं असतं, की समोरच्याला हौस कशी आणायची ते सांगा. हौस आणता येत नाही. मात्र 'नको' म्हणणारा नेमकं कशाला नको म्हणतोय हे शोधता येतं, आणि दहातल्या सात-आठ जोड्यांत ते 'नको' त्या शहराला नसतंच.

"तुम्हाला फिरायला का आवडत नाही?" असं विचारलं की भाषण ऐकायला मिळतं. म्हणून आम्ही सहलीतला सगळ्यांत वाईट दिवस निवडायला सांगतो आणि तो दोघांकडून वेगवेगळा, तासातासाने कागदावर लिहून घेतो. किती वाजता, कुठे, उभे की बसलेले, शेवटचं खाणं-पाणी कधी, आणि पहिला चिडका शब्द कुणाचा. वीस मिनिटं पुरतात. एकमेकांचा कागद आधी दाखवायचा नाही.

बाईंचा कागद भरगच्च होता. सकाळी दहाला ब्रिटिश म्युझियम, दुपारी सेंट पॉल्स आणि तिथल्या घुमटाच्या टोकापर्यंतच्या ५२८ पायऱ्या, साडेतीनला टॉवर ऑफ लंडन, संध्याकाळी लंडन आय हा महाकाय पाळणा. यजमानांनी चार ओळी लिहिल्या होत्या: "१० ते १ उभा. मग जिने, मी खाली थांबलो. मग रांग. संध्याकाळी पाळणा, मी बसलो नाही." त्या पाळण्यापाशीच मोठं भांडण झालं होतं. तिकिटं काढलेली, रांगेत पुढे दहा-बारा माणसं, आणि हे म्हणाले, "लहान आहोत का आपण पाळण्यात बसायला?" आणि मागे फिरले. बाई एकट्या वर गेल्या आणि १३५ मीटर उंचीवरून लंडन न बघता रडत बसल्या.

पाण्याच्या रकान्यात यजमानांनी दिवसभरात एकच नोंद केली होती: सकाळी साडेसात, अर्धा कप चहा. घुमट, रांग, पाळणा, तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. एकदा आत शिरलं की मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. लंडन आयची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची आणि कुपी बंद. एकट्याने बोलताना त्यांना एवढंच विचारलं, "नव्या ठिकाणी गेल्यावर तुमचे डोळे आधी काय शोधतात?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "संडास."

दोन वर्षं दर तास-सव्वा तासाला लघवीला जावं लागत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. त्यावरचा उपाय म्हणून बाहेर पडताना पाणीच बंद. तहानलेलं, पाय दुखणारं आणि मनात सतत एकच हिशेब चालू असलेलं माणूस संगमरवरी पुतळ्यासमोर उभं केलं तर ते पुतळ्यालाच नावं ठेवणार. बाई इकडे समजत होत्या, की ह्यांना माझ्या आवडीची किंमतच नाही.

हे आम्ही बाईंना सांगितलं नाही. सांगायचं त्यांनीच, पण वाक्याची तयारी करून घेतली, कारण अशा वेळी माणसं एक तर विनोद करतात, नाही तर "तुला काय सांगायचं, तुला कुठे ऐकायचंय" असा उलटा वार करतात. वाक्य ठरलं ते असं: "मला वारंवार जावं लागतं. लंडनला मी त्याच्यामुळे चिडत होतो. तुझ्यावर नाही." पुढच्या बैठकीत त्यांनी ते जवळजवळ जमिनीकडे बघत म्हटलं. बाईंचा पहिला उद्गार होता, "अहो, मग पाळण्याच्या वेळी बोलायचं नाही का!" आणि दुसरा, जरा वेळाने, "म्हणून तुम्ही पाणी पीत नव्हता होय."

सहलीचं नियोजन त्यानंतर. त्याआधी डॉक्टर. या वयात पुरुषांना वारंवार लघवी होण्यामागे प्रोस्टेटची वाढ, मधुमेह, संसर्ग अशी वेगवेगळी कारणं असू शकतात आणि ती समुपदेशकाने ओळखायची नसतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर फिरण्याच्या दिवशी ते कधी घ्यायचं, हेही डॉक्टरांनाच विचारायचं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. पाणी तोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट लघवी दाट होते आणि मूत्राशयाला जास्त चुरचुर लागते. थोडं थोडं, दिवसभर प्यायचं.

मग पॅरिस. इथे एक गोष्ट यजमानांच्या बाजूची होती. रस्त्याकडेला चारशेहून जास्त सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत, २००६पासून मोफत. त्यांना सानिझेत म्हणतात. वापराची रीत मात्र आधी माहीत हवी. माणूस बाहेर आला की दार बंद होतं आणि आतली सगळी जागा आपोआप धुतली जाते; ते संपून मोकळं असल्याचा दिवा लागला की बटण दाबून आत जायचं. आधीच्या माणसाने सौजन्याने दार धरलं म्हणून लगेच आत घुसलं, तर धुतलेली जागा मिळत नाही. नकाशावर ही ठिकाणं टिपायचं काम यजमानांकडे दिलं. दोन संध्याकाळी बसून त्यांनी ते इतकं चोख केलं, की कुठला रस्ता घ्यायचा हेही मग तेच सांगू लागले. ज्याच्याकडे नकाशा असतो तो मागून चालत नाही.

बाईंची यादी ३१ ठिकाणांची होती. ती कमी करा असं आम्ही सांगितलं नाही. नियम दिला, की दिवसाला वेळ ठरलेलं तिकीट एकच. अशी दोन तिकिटं एका दिवसात आली की पहिल्या ठिकाणी घड्याळ बघणं सुरू होतं, जेवण उभ्याने होतं आणि जो आधीच नाखूश आहे त्याला दिवसभर 'चला, चला' ऐकावं लागतं. वाराचीही खातरजमा करायची. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. बंद दारापर्यंत केलेली पायपीट नाखूश माणूस वर्षभर काढून दाखवतो.

लूव्रबद्दल बाई अडून बसल्या. "निदान एक पूर्ण दिवस तरी!" तेव्हा साधा गुणाकार केला. तिथे मांडलेल्या वस्तू सुमारे ३५,०००. प्रत्येकीला दहा सेकंद दिले, तरी ९७ तास होतात. पूर्ण लूव्र एका दिवसात कुणालाच होत नाही, मग दीड तासाने अर्धवट सोडलं काय आणि सहा तासांनी काय. ठरलं असं: बुधवारी सकाळी दोघांनी मिळून फक्त द्नों हा एकच भाग, दीड तास. शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा बाईंनी एकटीने जायचं. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येत नाही, त्यामुळे "हे जरा बाहेर बसतील आणि मग येतील" हा बेत तिथे चालत नाही.

एकटीने जाणं बाईंना जड गेलं. "लोक काय म्हणतील, नवऱ्याला बाहेर ठेवून आत गेली?" पॅरिसमध्ये असं कोण म्हणणार होतं कोण जाणे. पण वेगळं होण्यात अपराधीपणा वाटतो, आणि तो वाटू नये यासाठी वेगळं होणं आधी, शांतपणे, घरी बसून ठरवावं लागतं. दमलेल्या पायांनी, रस्त्यात उभं राहून "मग तुम्ही जा हॉटेलवर!" असं जे होतं ते वेगळं होणं नव्हे, ते भांडण.

ताटातुटीच्या वेळी गडबड होते ती भेटण्याच्या जागेची. लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या 'पिरॅमिडपाशी' ही जागा नाही. तिथे कायम शेकडो माणसं असतात. त्यांनी ठरवली जवळचीच कारूझेलची छोटी कमान, तिची पिरॅमिडकडची बाजू, उजवा खांब. मेट्रोला भेटायचं तर स्टेशनचं नाव पुरत नाही. बाहेर पडण्याच्या दारांना क्रमांक असतात, तो क्रमांक ठरवायचा. शात्ले स्टेशनवर गाडी बदलणं शक्यतो टाळायचं, भुयारी वाटा लांबच लांब आहेत आणि गुडघे तिथेच बोलू लागतात. फोन लागला नाही तर? वीस मिनिटं वाट बघायची, मग थेट हॉटेल. शोधत फिरायचं नाही. हॉटेलचा पत्ता दोघांच्याही खिशात, कागदावर.

आता बोलण्याचं. दोन वाक्यांवर बंदी घातली. बाईंचं "इथवर आलोच आहोत, तर...", आणि यजमानांचं "तू म्हणशील तसं." पहिल्याने प्रत्येक दिवस दोन तासांनी लांबतो. दुसरं ऐकायला गोड, पण त्यात होकार नसतो, तासाभराने त्याचं "मी म्हणालो होतो का?" होतं. त्याऐवजी बाईंनी म्हणायचं, "मला अजून पाऊण तास हवाय. तुम्ही इथे बसता, की पुढे जाता?" दोन्ही पर्याय खरे असले पाहिजेत, एक निवडला की तोंड पाडायचं नाही.

थकवा सांगायची रीत यजमानांनीच काढली. "सोळा आण्यांतले किती उरलेत?" सहा आण्यांच्या खाली गेलं की परत फिरायचं, कारण परतीच्या वाटेलाही तीन-चार आणे लागतात. हे आम्हाला फार आवडलं. लोक शून्यावर आल्यावर 'दमलो' म्हणतात आणि हॉटेल अजून पाऊण तास लांब असतं.

यजमानांनीही दोन ठिकाणं निवडायची, आणि बाईंनी तिथे सोबत जायचं. "मला काही नकोच," असं आधी आलं. मग यंत्रांचा विषय निघाला. १७९४ साली स्थापन झालेल्या कला आणि व्यवसायांच्या संस्थेचं पॅरिसमध्ये संग्रहालय आहे, आर्झेमेत्ये. पास्कलचं आकडेमोडीचं यंत्र, फूकोचा लंबक, जिन्याच्या वर टांगलेलं वटवाघळासारख्या पंखांचं आदेरचं विमान. दुसरं त्यांनी निवडलं सँ मार्तँ कालवा, तिथल्या जलपाशांसाठी, म्हणजे दारं मिटून पाण्याची पातळी वर-खाली करत नावा पुढे नेणाऱ्या कप्प्यांसाठी.

परतल्यावर तिसरी बैठक झाली. सगळं सुरळीत झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी झोपेचं चक्र विसकटलेलं असताना बाईंनी मोंमार्त्रच्या चढावर नेलं, आणि चार वाजता जुनं भांडण जुन्याच शब्दांत झालं. पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवायचं नाही, हे सांगायचं आमच्याकडून राहिलं होतं. शुक्रवारी यजमानांचा फोन बंद पडला. वीस मिनिटांचा नियम होता म्हणून बाई खांबापासून सरळ हॉटेलवर गेल्या. ते तिथे येऊन झोपले होते.

बाईंनी सांगण्यासारखं म्हणून निवडलं ते मात्र वेगळंच. आर्झेमेत्येमध्ये चाळीस मिनिटं झाली आणि त्यांनी घड्याळ बघितलं. यजमान एका यंत्राच्या काचेवर जवळजवळ नाक टेकवून दात्यांची चाकं मोजत होते. बाईंचे पाय दुखत होते, बसायला जवळपास काही दिसेना, आणि तोंडावर आलं होतं, "चाकंच तर आहेत सगळीकडे!" तेवढ्यात त्यांनी मान वर करून विचारलं, "किती आणे?" बाई म्हणाल्या, "सात." मग दोघं बाहेर पडले.

कालव्यावर ते तास-दीड तास बसले. नाव आत आली, मागचं दार मिटलं, पाणी चढू लागलं. यजमान सांगत होते की दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत पुढचं दार उघडत नाही, दाबच तसा असतो. बाईंनी वहीत ती दारं काढली. चिंब, शेवाळलेली, कडेला पाठमोरे यजमान.

ही रीत सगळ्यांना लागू पडेल असं समजू नका. सोबतचं माणूस घरीही दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस घेत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर सहल बाजूला ठेवून आधी तपासणी. नव्या जागी गोंधळतं, आपली खोली विसरतं, तेच ते विचारतं, अशा माणसाला खांबापाशी भेटू म्हणून एकटं सोडायचंच नाही. आणि चारचौघांत अपमान करणं, पासपोर्ट-पैसे स्वतःकडे अडकवून ठेवणं हे नुसतं कुरकुर करण्यात मोडत नाही, त्याची बैठक वेगळी होते.

लूव्र यजमानांना शेवटपर्यंत आवडलं नाही. मोनालिसासमोरच्या गर्दीत दहा मिनिटं रेटारेटी करून ते पुढे पोचले होते. "सत्त्याहत्तर बाय त्रेपन्न सेंटीमीटर," ते आम्हाला म्हणाले. "माझ्या ड्रॉइंगच्या ए-वन शीटपेक्षाही लहान. एवढ्यासाठी एवढी रांग!"

"अहो, पण माप पाठ आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या.