आर्ट्सच घ्यायचं आहे, मग दहावीचं विज्ञान पाठ करून सुटू द्यावं का?

प्रश्न : मुलीची नुकतीच नववी झाली. राज्य मंडळाची शाळा, राहणं नागपुरात मानेवाड्याकडे. अकरावीला आर्ट्स आणि बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ, हे तिचं पक्कं आहे. ट्यूशनचे सर म्हणतात, "विज्ञानाची प्रश्नोत्तरं पाठ कर, प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवून घे, सत्तर-ऐंशी कुठे गेले नाहीत." तसंही सुटणारच आहे तो विषय. मग उगाच डोकेफोड कशाला?

उत्तर : सरांचा हिशोब गुणांपुरता चूक नाही. भाग १ आणि भाग २ चे ४०-४० आणि प्रात्यक्षिकाचे २०; यातले बरेच पाठांतरावर निघतात. पण जी मुलं अकरावीला विज्ञान घेणार, त्यांना पुढे दोन वर्षं तरी मिळतात. तुमच्या मुलीला कुणी मापन, प्रमाण, पुरावा शिकवण्याचं हे शेवटचं वर्ष आहे. त्यामुळे मी उलटं म्हणेन : विज्ञान सोडणाऱ्या मुलीनेच दहावीचं विज्ञान समजून करावं. सगळं नको, निवडक करा.

सुरुवात घरातल्या कूलरपासून करा. मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो? प्रयोगशाळेत वापरतात तसे दोन तापमापक आणा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ४२ अंशांच्या पुढे मोजतच नाही. दोन्ही आधी कोरडेच शेजारी टांगून दहा मिनिटांनी वाचा. एक अंशाचा फरक निघाला तर तो लिहून ठेवा, पुढे वजा करावा लागेल. मग एकाच्या फुग्याला सुती मलमलीची पट्टी गुंडाळा, तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडा आणि दोघांवर पंख्याचा वारा येऊ द्या. सावलीत, दुपारी, पाच मिनिटं वाचन स्थिर झाल्यावर आकडा घ्या. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २३-२४ च्या आसपास थांबतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के असताना तो २९ पर्यंतच उतरतो. पाण्याची वाफ होताना अप्रकट उष्मा (वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता) हवेतून जातो म्हणून कूलर गार करतो; हवा आधीच दमट असली की वाफ कमी होते, आणि ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली तो हवा नेऊच शकत नाही. म्हणजे मेमध्ये वीस अंशांची सोय, जुलैत तीनची. खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत जुलै तयार होतो.

इथे मुलं हमखास चुकतात : माठातलं पाणी घेतात आणि वाचन स्थिर व्हायच्या आत खालचा आकडा लिहितात, तापमापक भिंतीला टेकवतात, वाचताना तोंड इतकं जवळ नेतात की श्वासच मोजला जातो. आणि अपेक्षित आकडा आला नाही की खोडून "बरोबर" आकडा लिहितात. या शेवटच्या सवयीवर मात्र अजिबात सूट देऊ नका. जर्नल उतरवून घेण्यात तोटा हाच आहे, चुकलेलं वाचन तिच्या नजरेला पडतच नाही. हाच प्रयोग दहावीच्या उष्णतेच्या धड्यातली आर्द्रता आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) समजावून जातो, तेव्हा वेळ वाया गेला असं समजू नका. एक वाचन आता घ्या, दुसरं पाऊस लागल्यावर.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. नववीच्या पुस्तकात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मुलीने "२५ टक्के" पाठ केलं असणार. तिला विचारा : आई-बाबा दोघेही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण आजाराचं एक जनुक बाळगून), पहिलं मूल आजारी निघालं, मग पुढची तीन सुटली का? बरीच मुलं "हो" म्हणतात. चार चौकोनांचा तक्ता काढायला लावा : एक निरोगी, दोन वाहक, एक रुग्ण. हा तक्ता प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतो, मागच्या मुलाचा त्याच्याशी संबंध नाही. लग्नाआधी रक्त तपासायला का सांगतात, ते मग तिला पाठ करावं लागणार नाही.

लॉसाठी याचा उपयोग थेट आहे. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश क्लॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेतून होतो. तिथे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि गणिताचा भागही आकडेवारीच्या उताऱ्यावर, दहावीच्या पातळीचा. पुढे वकिलीत डीएनए अहवाल किंवा वीज केंद्रातल्या राखेच्या प्रदूषणाची केस हाती आली की नमुना कुठून घेतला, कशाशी तुलना केली, हे तिलाच विचारावं लागेल.

रविवारचा एक तास पुरे. ट्यूशन बदलू नका, फक्त सरांना सांगा की जर्नल ती स्वतः लिहील. आणि अकरावीचा फॉर्म भरण्याआधी एकदा तिला विचारा : फॉरेन्सिक (गुन्ह्यातल्या पुराव्यांची वैज्ञानिक तपासणी), शेती, नर्सिंग यांतलं काही डोक्यात आहे का? लॉला कोणतीही शाखा चालते, पण आर्ट्समधून बारावी केल्यावर फॉरेन्सिकच्या बीएस्सीसारख्या वाटा बंद होतात.