‘ज्यू राष्ट्र’, दात आणि दाद

प्रश्न असा आला आहे: ‘इस्रायलच्या बातम्यांत कधी “ज्यू राष्ट्र”, कधी “यहुदी धर्मराष्ट्र”, कधी “ज्यू आणि लोकशाही राष्ट्र” असं छापतात. बरोबर काय? आणि ज्यू व यहुदी यांत फरक आहे का?’

फरक नाही. दोन्ही ‘येहुदा’ या बायबलातल्या कुळाच्या नावावरून आलेले. ‘यहुदी’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, ‘ज्यू’ इंग्रजीतून. ‘यहुदी म्हणजे धर्म आणि ज्यू म्हणजे वंश’ असं एका ज्येष्ठ संपादकांनी मला ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी बायबलातलं एस्तेरचं पुस्तक चाळायला हवं होतं. त्यातला मर्दखय बिन्यामिनाच्या कुळातला, म्हणजे येहुदाच्या वंशातला नव्हेच, तरी त्याला ‘येहुदी’च म्हटलंय. धर्म आणि वंश यांची गाठ त्या शब्दात तेव्हाच बसली होती. ती मराठीत बसून सुटणार नाही.

‘धर्मराष्ट्र’ मात्र आधी खोडा. रोज संध्याकाळी निवेदक हा शब्द फेकतात आणि माझा चहा गार होतो. इस्रायलच्या 1992च्या मूलभूत कायद्यातले शब्द आहेत ‘मेदिना येहुदित वे-देमोक्रातित’. मेदिना म्हणजे राज्य. राष्ट्राला तिथे ‘लेओम’ हा वेगळा शब्द आहे. तो 2018च्या कायद्यात ठळकपणे आला, आणि गंमत म्हणजे त्या कायद्यात ‘लोकशाही’ हा शब्दच नाही. 1948च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही नाही, पण तिथे निदान धर्म, वंश, लिंग असा भेद न करता समान हक्क देण्याचं वचन आहे.

खरा घोळ समासाचा आहे. ‘ज्यूराज्य’ हा षष्ठी तत्पुरुष की कर्मधारय? ज्यूंच्या राज्याची कल्पना मांडणाऱ्या हर्झलच्या 1896च्या पुस्तकाच्या जर्मन नावाचा सरळ अर्थ ‘ज्यूंचं राज्य’. मराठी मुलांची शाळा आणि मराठी शाळा यांत जो फरक, तोच इथे. ‘ज्यूंचं’ म्हटलं की प्रश्न राहतो कोण राहतं, कोण बहुसंख्य, एवढाच. राज्यच ‘ज्यू’ म्हटलं की शनिवारी बस धावावी का आणि लग्न कोणी लावावं, इथपर्यंत गोष्ट जाते. तिथलं निम्मं राजकारण या विग्रहावर चालतं म्हणा ना.

पण हे सगळं राहू द्या. मला सांगायचंय ते ‘दात’बद्दल. चावायचा नव्हे, हिब्रू ‘दात’. आजच्या हिब्रूत दात म्हणजे धर्म, आणि धर्म व राज्य या वादाला तिथे ‘दात उ-मेदिना’ म्हणतात. हा दात मुळात हिब्रू नाहीच, जुन्या फारसीतला आहे, आणि तिथे ‘दात’ म्हणजे राजाचा कायदा. एस्तेरच्या पुस्तकात तो पानोपानी सापडतो. तिथे हामान हा मंत्री फारसी राजाचे कान भरतो की या लोकांचे दात इतर सगळ्यांहून वेगळे आहेत आणि राजाचे दात ते पाळत नाहीत. त्यांचे कायदे आणि राजाचे कायदे, एकाच वाक्यात एकच शब्द! बायबलातल्याच एज्राच्या पुस्तकात राजाच्या पत्रातही ‘तुझ्या देवाचा दात आणि राजाचा दात’ अशी जोडी शेजारी शेजारी आहे. पुढे राजा गेला, देव राहिला, आणि दात म्हणजे धर्म झाला. ‘मेदिना’ तरी काय, ‘दीन’ म्हणजे न्यायनिवाडा, त्यावरूनच आलेला. एस्तेरमध्ये त्याचा अर्थ आपल्या सुभ्यासारखा आहे. म्हणजे ज्या दोन शब्दांत तिथे भांडण लागलंय, ते दोन्ही मुळात कोर्टातले.

आता जुन्या फारसीतला हा दात संस्कृतच्या ‘धा’चा (ठेवणे, घालून देणे) सख्खा भाऊ. इराणी भाषांत ‘ध’चा महाप्राण गळाला. आपल्याकडे त्याच धातूचे विधी, विधान, विहित. लग्नाचे विधी तेच आणि विधिमंडळही तेच! शास्त्रविहित कर्म आणि तहसील कचेरीच्या खिडकीवरचा ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ हा कागद, दोन्हींत तोच ‘हित’ आहे. आणि त्याच जुन्या फारसी शब्दाचं पुढचं रूप म्हणजे ‘दाद’, न्याय. आपण कोर्टात मागतो ती, गझलेला देतो तीही. दाद ही ‘दा’ म्हणजे देणे यावरून आली, ‘देतात म्हणून दाद’, असं सांगणारे विद्वान आहेत. तसं असतं तर मिठाईलाही दाद म्हणावं लागेल. फारसीत ‘दिलं’ या अर्थाचा ‘दाद’ वेगळा आहे, तो फक्त दिसायला सारखा.

हे पुस्तकी वाटत असेल तर बेने इस्रायलींकडे, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंकडे बघा. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले, गावावरून ‘कर’ लावणारे, घरात मराठी बोलणारे. इस्रायलला गेल्यावर 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पीठानं विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली की यांची वंशावळ तपासा. आई कोण, आईची आई कोण, मागे जाता येईल तितकं. इतर ज्यूंशी त्यांची लग्नं अडू लागली. ही मंडळी जेरुसलेममध्ये निदर्शनाला बसली. 1964मध्ये सरकार आणि संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायली लग्नासकट सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि रब्बींना ती सूचना बदलावी लागली. आता ही लोकशाहीची धर्मावर मात म्हणायची, की ज्यू कोण हे संसदेनं ठरवलं म्हणायचं? मला विचाराल तर दातानं अडवलं म्हणून त्यांनी दाद मागितली. याहून नेमकं वाक्य मराठीत होणार नाही, आणि ते हिब्रूत तर होणारच नाही.

तर बातमीत ‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ लिहा. 2018च्या कायद्याबद्दल लिहीत असाल तर ‘राष्ट्र’ चालेल. ‘धर्मराष्ट्र’च लिहायचा हट्ट असेल, तर कारणं कळवावीत. विहित नमुन्यात.