बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरला हॉर्न

प्रश्न : नमस्कार. आम्ही अमेरिकेत ओहायोमध्ये असतो. शेजारच्या आजोबांकडून १९६४ चा कब कॅडेट १०० हा बागेतला छोटा ट्रॅक्टर घेतला, इंजिन मस्त चालतं, पिवळा-पांढरा रंगही बराचसा मूळचा आहे. गावातल्या ४ जुलैच्या मिरवणुकीत न्यायचाय, म्हणून हॉर्न बसवायचाय. बाजारात जुन्या मोटारींचे हॉर्न मिळतात तसला लावू का? आणि बटनासाठी डॅशबोर्डला भोक पाडलं तर चालेल का?

उत्तर : नमस्कार. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, भोक अजिबात पाडू नका. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट १९६१ ला आणला, तुमचं १०० मॉडेल १९६३ ते ६५ एवढंच निघालं, आणि साठ वर्षं जुना मूळ पत्रा एकदा भोसकला की तो परत तसा होत नाही, वेल्डिंग करून बुजवला तरी रंग जातोच. हॉर्न उद्या काढून टाकला तर ट्रॅक्टरवर एक ओरखडाही राहू नये असंच काम करायचं. स्टिअरिंगच्या पाइपला रबराची पट्टी गुंडाळा, त्यावर होज क्लिपने छोटी लोखंडी पट्टी आवळा आणि बटन त्या पट्टीवर बसवा.

आता हॉर्न. जुन्या बाजारातला घ्यायचा तर विकणाऱ्याला पहिलं विचारायचं, ६ व्होल्टचा की १२ चा? अमेरिकेतल्या मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ६ व्होल्टच्याच होत्या आणि त्यांचे हॉर्न दिसायला फार सुंदर असतात, पण तुमचा ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतो, ६ चा हॉर्न त्यावर थोडा वेळ जोरात वाजेल आणि मग कॉइल जळेल. १२ चाच घ्या, साधा डिस्क हॉर्न, दोन टर्मिनलवाला. एक टर्मिनलवाले हॉर्न बॉडीतून अर्थ (म्हणजे मायनसची जोडणी) घेतात, आपल्याला ते नकोय, का ते पुढे सांगतो.

करंट थेट बॅटरीच्या प्लसवरून घ्यायचा. बरेच जण किल्लीच्या स्विचमधून इग्निशन कॉइलला (इंजिनला ठिणगी देणारी कॉइल) जाणाऱ्या वायरीला जोड मारतात कारण ती हाताशी असते, पण तुमच्या कोहलर के२४१ इंजिनला बॅटरी-कॉइलचं इग्निशन आहे, हॉर्न ४-५ अँपिअर ओढतो, जुन्या स्विचच्या घासलेल्या पॉइंटमधून दोघांचा करंट गेला की कॉइलवरचा व्होल्टेज पडतो आणि हॉर्न दाबला की इंजिन अडखळतं. (ज्यांच्या जुन्या छोट्या इंजिनला बॅटरीच नाही, नुसतं मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आहे, त्यांनी इंजिन बंद करायच्या वायरीला बाहेरून १२ व्होल्ट कधीच देऊ नयेत, मॅग्नेटोची कॉइल जाते. त्यांनी रबरी फुग्याचा भोंगा लावावा, तो तेवढाच छान वाजतो.) तुमच्याकडे स्टार्टर आणि डायनॅमो एकाच डब्यात आहेत, त्याच्या आणि कटआऊटच्या (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारी डबी) टर्मिनलना हात लावायची गरजच नाही.

बॅटरीची अर्थची वायर आधी सोडवा, मगच काम. प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच १० अँपिअरचा फ्यूज, तिथून १४ गेजची वायर हॉर्नच्या एका टर्मिनलला, दुसऱ्या टर्मिनलवरून वायर बटनाला, आणि बटनातून पुढे वेगळी वायर फ्रेमच्या बोल्टला अर्थ. म्हणजे बटन अर्थच्या बाजूला आलं, आणि म्हणूनच हॉर्न दोन टर्मिनलवाला हवा. याचा फायदा असा की बटनाकडे जाणारी वायर कधी घासून पत्र्याला लागली तर हॉर्न वाजत राहील एवढंच, वायर पेटणार नाही. स्टिअरिंगच्या पाइपवर अर्थसाठी भरवसा ठेवू नका, ग्रीस आणि बुशमुळे तो अर्धवट लागतो. फ्रेमच्या बोल्टखाली फक्त वॉशरएवढाच रंग खरवडा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळा आणि वरून व्हॅसलीन चोपडा, गंज येत नाही. एका हॉर्नला चांगलं बटन असेल तर रिलेची (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) गरज नाही. दोन हॉर्न किंवा मोटरवाला 'अऊगा' (जुन्या मोटारींचा 'अऊऽगा' असा वाजणारा हॉर्न) लावायचा असेल तर मात्र रिले घालाच, बटनाचे पॉइंट एवढा करंट सोसत नाहीत.

बसवताना घाई करू नका. हॉर्नसोबत जी स्प्रिंगसारखी पातळ पत्र्यांची पट्टी येते ती फेकून जाड कडक पट्टी लावू नका, हॉर्नला थरथरायला मोकळीक लागते, नाहीतर आवाज घोगरा येतो. बोनेटच्या पातळ पत्र्यावर तर नकोच, फ्रेमचा आधीचाच एखादा बोल्ट शोधा, सायलेन्सर आणि डायनॅमोच्या बेल्टपासून लांब, तोंड खाली म्हणजे पाणी साचणार नाही. एक सिलिंडरचं इंजिन सगळं हलवून सोडतं आणि वायर नेहमी लगच्या गळ्याशीच तुटते, म्हणून तिथे वायरीला थोडी ढील ठेवून क्लिप मारा. आवाज फाटका आला तर मागचा ॲडजस्टिंग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतो.

आणि एक, हॉर्न आहे म्हणून गवत कापताना मुलं आसपास चालतील असं समजू नका. मुलं घरात असतानाच कापा, रिव्हर्स घेण्याआधी पातं बंद करा आणि मान वळवून मागे बघा. मिरवणुकीत तर पात्यांचा डेक काढूनच न्या.