इंजिनात एलईडी बसवताना

भावा, मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डीकोडर असतो, म्हणजे रुळातून आलेले डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी पाटी. त्याची निळी तार म्हणजे सामाईक प्लस. एलईडीचा लांब पाय तिला जोड. पांढरी तार पुढच्या दिव्याच्या आखूड पायाला, पिवळी मागच्याला. एचओ (१:८७ मापाच्या) इंजिनात निळ्या तारेवर साधारण १२ ते १४ व्होल्ट असतात, म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १ किलोओहम, पाव वॅटचा रेझिस्टर हवाच. त्याशिवाय एलईडी क्षणात जळतो. प्रकाश डोळ्यांत खुपला तर २.२ किलोओहम लाव.

जोडांवर काळी टेप नको. सांगलीच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि निळी तार चासीला टेकली की डीकोडरच जातो. सोल्डरचा डाग देण्याआधीच तारेत हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) ओवून ठेव. पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डीकोडरची सेटिंग करायच्या, कमी करंटच्या वेगळ्या रुळावर) घे.