रिपोर्ट निगेटिव्ह, तरी ‘बी’ आहे म्हणतात!

“हिपॅटायटिस बी ची एचबीएसएजी तपासणी निगेटिव्ह आलीय, हे बघा. मग आत बी लपलाय असं डॉक्टर कसं म्हणतात?” मावशींच्या मुलाने फाइल टेबलावर ठेवता ठेवताच विचारलं. हिपॅटायटिस सी च्या पेशंटकडून हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून ही केस लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. सिझरच्या वेळी रक्त चढवलं होतं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेले असे बरेच जण येतात. सी वरच्या सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या औषधांची रोज एकेक गोळी, १२ आठवडे, असा कोर्स ठरला होता. त्याआधी बी च्या तपासण्या झाल्या. एचबीएसएजी निगेटिव्ह, कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आणि बी चा डीएनए ‘आढळला, पण मोजण्याइतका नाही’.

मी सांगितलं, एचबीएसएजी हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन. बी एकदा शिरला की त्याचा डीएनए यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. आवरण इतकं थोडं तयार होतं की नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. कोअर अँटीबॉडी म्हणजे तो कधीतरी येऊन गेल्याची खूण. त्यातून सी जोरात असला की बी दबलेलाच राहतो.

“म्हणजे सासू आहे तोवर सून गप्प, तसंच ना?” मावशी म्हणाल्या. मुलगा ओशाळला. म्हटलं, अगदी तसंच. आता सासूला घालवतोय, तेव्हा सुनेवर लक्ष ठेवायचं.

खरी भीती पुढेच होती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये सी च्या या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, तो मुलाने मोबाइलवर वाचला होता. सी च्या उपचारात बी पुन्हा उसळल्याचे २४ रुग्ण, त्यातले दोन दगावले. “नकोच त्या गोळ्या.” असं अर्धवट वाचून कोर्स टाळणारे पाहिले की मला राग येतो, पण तो वाचणाऱ्यावर काढून काय उपयोग? हा धोका मुख्यतः एचबीएसएजी पॉझिटिव्ह लोकांना असतो. मावशींसारख्या निगेटिव्ह लोकांत बी उसळणं क्वचितच घडतं. उलट सी तसाच ठेवला तर सिरॉसिसची, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होण्याची, वाट मोकळी. गोळ्या घ्यायच्या, दर महिन्याला एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करायचं. वाढलं तर बी चा डीएनए, आणि गरज पडलीच तर बी वर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर आहेच.

“ताटवाटी वेगळी ठेवू?” मावशींनी उठताना हळूच विचारलं. ते आधीपासूनच चालू असणार, असं वाटलं. बी किंवा सी ताटावाटीतून पसरत नाही. ब्लेड, ब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं. काकांची बी ची तपासणी करून घ्यायची आणि निगेटिव्ह असतील तर लस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात.

मग एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ‘बी कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह.’ प्रतिकारशक्ती दबली की आतला बी उसळू शकतो, म्हणून स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध सुरू करायच्या आधी ते दाखवायचं. सी गेला तरी ते फाडायचं नाही.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात सी चा आरएनए, म्हणजे खुद्द विषाणू, आढळला नाही, एसजीपीटीही नॉर्मल राहिलं. परवा मुलाचा फोन आला: सांधेदुखीच्या डॉक्टरांना मावशींनी कार्ड दाखवलं, त्यांनी स्टिरॉइड थांबवून आधी बी चा डीएनए करायला सांगितलाय. रिपोर्ट यायचाय.